समोरच्या काकू आणि हातातल्या चपला

आलेला प्रश्न थोडा आवरून देते : "आम्ही नवरा-बायकोने दीड वर्षापूर्वी डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोरच्या घरात पासष्टीच्या काकू एकट्या राहतात. काका गेल्या वर्षी वारले, मुलगा कॅनडात. काकू मनाने फार चांगल्या. मला डेंग्यू झाला तेव्हा पंधरा दिवस डबा त्यांनीच पुरवला. पण काका गेल्यापासून दिवसातून चार-चार वेळा बेल वाजते. कधी वाटीभर साखर, कधी 'सहज आले गं'. थेट ओट्यापर्यंत येतात, पातेल्यावरचं झाकण उचलतात आणि 'आज नुसती खिचडीच?' म्हणतात. ऑफिसचा व्हिडिओ कॉल चालू असताना मागे येऊन उभ्या राहिल्या, सगळ्या टीमने पाहिलं. पाण्याचा जार आणणाऱ्या मुलासमोर 'गोड बातमी कधी?' विचारलं. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. परवा दुपारी मी झोपले होते, तर आत येऊन दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवून गेल्या. लिफ्टचा आवाज आला की त्यांचं दार उघडतं. म्हणून हल्ली मी चपला हातात घेऊन जिन्याने उतरते. नवरा म्हणतो, 'एकटी बाई आहे, जाऊ दे ना.' त्यांना न दुखावता कसं सांगू?"

चपला हातात घेऊन! हे वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. ज्या घराचा हप्ता दर महिन्याला तुमच्या खात्यातून जातो, त्याच घरातून तुम्ही अनवाणी, कठड्याला धरून, श्वास रोखून उतरता. म्हणून तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. अजिबात न दुखावता सांगता येणार नाही. थोडं दुखेल. दोन-तीन आठवडे काकू गप्प गप्प राहतील, अळूवड्या तुमच्याऐवजी चौथ्या मजल्यावर जातील. तेवढं सोसायची तयारी असेल तर पुढचं वाचा. आणि आत्ता जे चाललंय त्यात त्या दुखावत नाहीयेत असा समज असेल तर तोही काढून टाका. दाराच्या भिंगातून कुणी बघायला लागलं की बाहेरून त्या भोकातला उजेड जातो. दाराखालच्या फटीतला दिवा अचानक मालवला तर तेही दिसतं. काकू बोलक्या आहेत, आंधळ्या नाहीत.

बावीस वर्षं समुपदेशन करते आहे, त्यातली सात वर्षं आमच्याच सोसायटीची सेक्रेटरीही होते. गळती, पार्किंग, गच्चीची किल्ली यांवरून भांडणारे शेजारी मला सोपे वाटतात. माणूस तावातावाने येतो, बोलतो, कागद करतो, मोकळा होतो. शेजारी फार प्रेम करतो म्हणून आलेला माणूस मात्र खुर्चीच्या कडेला बसतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, "तशा त्या वाईट नाहीत हो." तक्रार करतानाच त्याला आपण कृतघ्न वाटत असतो. तुम्हीही डेंग्यूचा डबा दुसऱ्या ओळीतच सांगून टाकलात. तो डबा तुमच्या मानेवर बसलाय. पंधरा दिवसांच्या डब्याची परतफेड अजून दार उघडून चाललीय, आणि ती कधी फिटणार हे कुणीच ठरवलेलं नाही.

तुम्ही आजवर काकूंना काय काय सांगून टाळलंत ते लिहिलेलं नाही, पण मी सांगू शकते, कारण सगळ्या जणी तेच सांगतात. "डोकं दुखतंय" म्हणालात, तर दहा मिनिटांत सुंठ उगाळून वाटी दारात. "आम्ही बाहेर पडतोय" म्हणालात, तर "मग येताना कोथिंबीरची जुडी आण आणि आलीस की बेल मार." "पाहुणे येणार आहेत" म्हणालात, तर पदर खोचून पुरण वाटायला हजर. "कॉल चालू आहे" म्हणालात, तर "हो हो, तुझं चालू दे, मी बसते गप्प कोपऱ्यात." यात काकूंचं काही चुकत नाही. कारण सांगणं म्हणजे अडचण सांगणं, आणि अडचण सांगितली की चांगला शेजारी ती सोडवायला धावतो. तुम्ही त्यांना काम देता, त्या ते मन लावून करतात.

शिवाय तुमचं दार कधी उघडतं, कधी उघडत नाही. मंगळवारी तीन बेलांना उत्तर नाही, बुधवारी अपराधी वाटून चहा आणि तासभर गप्पा. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर असे पुष्कळ प्रयोग केले. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि एक दिवस तो बंद झाला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही अशी सवय असेल, तर ते बंद झाल्यावरही किती तरी वेळ चोच मारत राहतं. काकूंना कबुतर म्हणण्याचा हेतू नाही. दाणे कोण टाकतंय तेवढंच दाखवायचंय.

म्हणून माझा सल्ला मुळात एकाच गोष्टीचा आहे. कारण देणं थांबवा आणि वेळ द्यायला लागा. "आत्ता नाही काकू, पाच वाजता मीच येते" हे त्याचं पूर्ण वाक्य. त्यात का नाही, याचा एक शब्दही नाही, आणि केव्हा हो, ते घड्याळासकट आहे. कसं वापरायचं ते सांगते, पण त्याआधी काकू कोण आहेत हे जरा बघू. ते न बघता वापरलंत तर हेच वाक्य कोरडं पडेल.

काकूंचं लहानपण कुठे गेलं, हे एकदा त्यांना विचारा. पासष्टीच्या, डोंबिवलीत राहणाऱ्या बाईच्या तोंडून लालबाग, परळ, गिरगाव, नायगाव यांपैकी काहीतरी निघायची शक्यता बरीच. मी स्वतः नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. तळमजल्यावर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, संडास मजल्यात सामायिक. दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती, पडदा असायचा. भरदुपारी कुणाचं दार लागलेलं दिसलं की बाया पॅसेजमध्ये थांबून एकमेकींना विचारायच्या, "कोण आजारी आहे गं?" बंद दाराचे अर्थ तीनच : आजारपण, भांडण किंवा मयत. पातेल्यावरचं झाकण उचलणं ही चौकशी होती. ज्या घरात भाजी नसेल तिथे वाटी जायची आणि ती जायची तर आधी बघायला नको?

आता हे वाचून चाळीसाठी डोळे भरून यायचे असतील तर जरा थांबा. माझ्या आईला रडायचं असलं की ती मोरीत नळ सोडून रडायची, कारण दुसरी जागाच नव्हती. चाळ सोडून डोंबिवली-कल्याणला स्वतंत्र ब्लॉक घेणाऱ्या कित्येक बायकांनी पहिलं काय केलं असेल, तर दार लावून घेतलं. तेव्हा "पूर्वी किती छान होतं" या चालीवर कुणी तुम्हाला ऐकवलं, तर ऐकून सोडून द्या. मी एवढंच सांगते की काकू तुमचा नियम मोडत नाहीयेत. त्या त्यांच्या नियमाने वागतायत. तुमचा नियम तुम्ही त्यांना अजून सांगितलेलाच नाही, भिंगामागून कळेल अशी आशा धरलीय.

समोरासमोरच्या दारांचंही एक स्वतःचं गणित असतं. लिओन फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाची कोणाशी मैत्री झाली हे पाहिलं, तर आवडीनिवडींपेक्षा कोणाचं दार कोणाच्या दाराजवळ आहे आणि जिना कुठे आहे यावर बरंच काही ठरत होतं. हे बहुतेकांना सांगितलं की पटतं. पुढचं कमी लोकांना माहीत असतं : १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीचा अभ्यास झाला, त्यात नावडती माणसंही जवळच राहणारी निघाली, आवडत्यांपेक्षाही जवळची. मैत्रीसाठी वरचेवर भेटावं लागतं. नकोसं होण्यासाठी भेटायचीही गरज नसते. फोडणीचा वास, टीव्हीचा आवाज, दारातला चपलांचा ढीग एवढं पुरतं. तुमच्या दोन दारांमध्ये फार तर सहा फूट असतील. या सहा फुटांत माणूस जिवाभावाचा होतो किंवा डोक्यात जातो. तुमच्याबाबतीत दोन्ही एकदम चाललंय.

आता एक अवघड प्रश्न. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकू केलंत का? केलं असेल, तर समोरचं दार वाजवलंत का?

तुम्ही लिहिलंय की काका गेल्यापासून येणं वाढलं. मला तिथे थबकायला झालं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या बिल्डिंगांमध्ये बायका एकमेकींकडे जातात. बोलावणं येतं, चांगली साडी नेसायची, दहा मिनिटं बसायचं, तिळगूळ, वाण, अत्तर, "येते हं" आणि पुढच्या घरी. किती सोयीची पद्धत आहे बघा, येण्याला निमित्त आणि जाण्यालाही निमित्त. कुणाला कंटाळा येण्याआधी भेट संपते. आणि नवरा गेला की बाईला या सगळ्यातून गुपचूप वगळलं जातं. दरवर्षी पाच-सहा घरांतून येणारं बोलावणं एका जानेवारीत एकाही घरातून येत नाही. कोणी तोंडाने काही बोलत नाही. सगळ्यांना वाटतं, त्यांनाच अवघड वाटेल. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. आपल्या टॉवरांमध्ये मात्र असा ठराव कुणी मांडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. सेक्रेटरी असताना मीही मांडला नव्हता.

रीतसर बोलावणं थांबलं की माणूस वाटीभर साखरेचं निमित्त शोधतो. तुमच्याकडे किती साखर गेली हे मोजू नका, काकूंच्या डब्यात साखर असते. मी अशा बायका पाहिल्यात ज्यांच्या घरी चार किलो साखर होती आणि त्या वाटी घेऊन उभ्या होत्या.

याचा अर्थ तुम्ही त्यांची कन्या व्हायचं असा नाही. तुमच्या नवऱ्याचं "एकटी बाई आहे, जाऊ दे" हे वाक्य मला मुळीच पटत नाही, कारण ते जाऊ देणं तुमच्या वाट्याला आणि कनवाळूपणा त्याच्या वाट्याला येतो. पुढच्या रविवारी चारही बेलांना दार त्याने उघडावं, हेडफोन काढून. सोमवारी त्याचं मत विचारा.

आता कसं करायचं ते. एखादा मोकळा दिवस बघा, रागात नसताना, आणि काकूंकडे तुम्ही जा. त्यांना बोलावू नका. ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, आणि बावीस वर्षांत मला ती कुठल्याही प्रशिक्षणात कुणी शिकवली नाही. आमच्या शेजारच्या आजींकडून कळली. आपल्याकडे उठायचा हक्क पाहुण्याचा. तुमच्या घरात काकू बसल्या तर तुम्ही त्यांना "आता उठा" म्हणू शकत नाही. फार तर जांभई देता, मोबाइल बघता, केर काढायला घेता. त्यांच्या घरात तुम्ही बसलात तर "येते हं काकू" म्हणून चप्पल पायात सरकवली की झालं. त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा, वार आणि वेळ ठरवून, अर्धा तास तुम्ही त्यांच्याकडे. एकूण तास दर आठवड्याला एक. आत्ता तुमचे लपण्यातच त्याहून जास्त जातात.

तिथे पहिल्या दिवशी सांगायचं : "काकू, माझं काम घरूनच असतं, पण ते ऑफिसच आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात मी दार उघडणार नाही. मंगळवारी आणि शनिवारी सातला मी तुमच्याकडे चहाला येईन." मग थांबा. "राग मानू नका हं", "तुम्हाला वाईट वाटलं का", "म्हणजे तसं काही नाही, पण" यातलं काहीही पुढे जोडायचं नाही. या शेपटांनीच घात होतो. तुम्ही बोलून गप्प बसलात की खोलीत दोन सेकंद पंख्याचा आवाज येईल. येऊ दे. त्या बहुतेक म्हणतील, "अगं मी काय रोज रोज येते का?" तिथे हिशोब मांडायचा नाही. "नाही हो, सांगून ठेवलं," एवढंच.

आणि मग मंगळवारी सातला खरंच जायचं. हे चुकवलंत तर बाकीचं सगळं फुकट. ज्याला वेळ दिलीय तो आधीच दार किलकिलं करून बसलेला असतो. एक मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, तुमचा उपाय चालला नाही." विचारलं, तर दुसऱ्याच आठवड्यात हिने दोन्ही वार टाळले होते आणि निरोपही दिला नव्हता. उपाय काय करणार? यायला जमणार नसेल तर सकाळीच फोन : "आज नाही, शनिवारी नक्की." कारण तिथेही नको.

पहिले पंधरा दिवस बेल वाढेल, हे आधीच सांगून ठेवते. कमी होण्याआधी वाढते, बऱ्याचदा. काकू दहा ते सातमध्येही येऊन बघतील. तेव्हा पूर्ण लपायचं नाही आणि पूर्ण उघडायचंही नाही. आतलं दार उघडा, जाळीचं दार लावलेलंच राहू द्या, हसून सांगा, "काकू, ऑफिस चालू आहे, मंगळवारी सातला येते." पाच सेकंद. जाळीचं दार उघडलंत की त्या आत आल्या. आपल्याकडे उघड्या दारात उभ्या माणसाला "या" म्हटल्याशिवाय राहवतच नाही, तोंडातून आपोआप निघतं. ते "या" गिळायची सवय व्हायला तुम्हाला काकूंपेक्षा जास्त दिवस लागतील. जाळीचं दार नसेल तर साखळी बसवा, किंवा तुम्हीच बाहेर पॅसेजमध्ये या आणि दार पाठीमागे ओढून घेऊन उभ्यानेच बोला. उभ्याने झालेलं बोलणं लांबत नाही.

लिफ्टपाशी गाठ पडली तर खाली पोचेपर्यंत छान बोला, मनापासून. तीन मजल्यांची भेट आहे, ती आपोआप संपते. एवढ्याशा डब्यात दोन माणसं हातभरही लांब उभी राहू शकत नाहीत, म्हणून तिथे गप्प राहणं जास्त जड जातं. विषय तुम्ही काढा : पाणी किती वाजता आलं, मुलाचा फोन आला का, फडके रोडवर आज गर्दी आहे का. तुम्ही काढला नाहीत तर त्या काढतील, आणि त्यांचा विषय तुम्हाला माहीतच आहे.

डब्याचं वेगळं सांगायला हवं, कारण खरी गाठ तिथे बसलेली असते. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे प्रत्येकीला आईने शिकवलेलं असतं. त्यांनी अळूवड्या दिल्या, तुम्ही डब्यात शिरा घालून दिला, त्यांनी त्याच डब्यात थालीपीठं पाठवली. हा डबा कधीच थांबत नाही, कारण दर वेळी कोणीतरी कोणाचं तरी देणं लागत असतं. मी एका घरात असा स्टीलचा डबा पाहिलाय, झाकणावर बारीक टिंबांनी नाव घातलेला, तो नेमका कोणाचा होता हे दोन्ही घरं विसरली होती. माझं म्हणणं, हा डबा एकदा घासून, पुसून, त्यात फक्त चिमूटभर साखर घालून परत करा. साखर असल्यामुळे तो रिकामा नाही, म्हणून अपमान नाही. आणि पदार्थ नाही, म्हणून पुढची पाळी लागत नाही. जुन्या बायकांना ही खूण कळते. तुमचा डेंग्यूचा डबाही त्याच दिवशी मनातल्या मनात परत करून टाका. त्या पंधरा दिवसांचे आभार मानायचे असतील तर तोंडाने, स्पष्ट, एकदा माना. बऱ्याच जणी ते कधीच मानत नाहीत आणि म्हणून वर्षानुवर्षं फेडत बसतात.

किल्ली परत घ्या. यात मधला मार्ग नाही. झोपलेल्या माणसाच्या घरात कोणी शिरणं, मग ते दूध ठेवायला का असेना, चालवून घ्यायचं नाही. पण भांडून मागू नका, आणि "सासूबाई येणार आहेत, त्यांना हवी" असली थापही मारू नका. सासूबाई गेल्या की काकू विचारणारच. "काकू, आमची किल्ली द्याल का? आता ती आमच्याकडेच ठेवणार आहोत." त्या "का गं?" म्हणतील. "असंच ठरवलंय आम्ही दोघांनी." इथे नवरा शेजारी उभा हवा, त्याचं एवढं तरी काम. अडीअडचणीला किल्ली बाहेर कुठेतरी हवीच असते, हे खरं. ती थोड्या लांबच्या ओळखीकडे ठेवा, ज्याला यायला जिना उतरावा लागेल. आणि पुढे-मागे मन निवळलं तर काकूंकडेच बंद पाकिटात ठेवता येते, चिकटपट्टी लावून, "आम्ही फोन केला तरच."

"गोड बातमी"ला मी कधीच विनोदी उत्तर सुचवत नाही. लोकांना ती टोमण्याची उत्तरं फार आवडतात, मोबाइलवर फिरतात, पण तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये टोमणा मारून पुढची वीस वर्षं समोरच राहायचं असतं. "काकू, या विषयावर मी घरीही कोणाशी बोलत नाही" असं सरळ, सपाट आवाजात म्हणा आणि लगेच दुसरं विचारा. आवाजात रडू किंवा राग आला तर त्यांना वाटेल काहीतरी आहे, आणि मग बिल्डिंगभर नवस सुरू होतील. पाणीवाल्यासमोर विचारलं ते त्यांना वेगळं सांगा, मंगळवारच्या चहाला : "लोकांसमोर विचारलंत, मला कसंतरी झालं." एवढं ऐकून घेण्याइतकी तुमची त्यांची ओळख नक्कीच आहे. चार वेळा बेल वाजवणारं नातं एक खरं वाक्य पेलू शकतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र यातलं अवाक्षर टाकू नका. "काही सदस्यांनी दुसऱ्याच्या प्रायव्हसीचा मान ठेवावा" असली नाव न घेता केलेली पोस्ट तर नकोच. अशी पोस्ट ज्याच्यासाठी असते तो सोडून बाकी साठ घरं आपल्यालाच म्हटलं म्हणून रागावतात. सेक्रेटरी म्हणून माझे कित्येक रविवार यात गेले.

इथे एक रेघ ओढते. वर जे सांगितलं ते एकट्या, बोलक्या, माया लावणाऱ्या काकूंसाठी आहे. हाच प्रश्न एखाद्या बाईने समोरच्या पुरुषाबद्दल विचारला असता, की तो तिच्या येण्याजाण्याच्या वेळा बघतो, लिफ्टमध्ये नको तितका जवळ उभा राहतो, नाही म्हटल्यावरही मेसेज करत राहतो, तर मी तिला चहाला अजिबात जायला सांगितलं नसतं. तिथे स्पष्ट नकार एकदाच, लेखी, आणि त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही. स्त्रीने नको असल्याचं उघड दाखवूनही पुरुषाने वारंवार पाठलाग करणं किंवा संपर्क साधत राहणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८ आहे, आधी ते भारतीय दंड संहितेत ३५४ड होतं. म्हणून तो लेखी नकार महत्त्वाचा, तोच पुढे दाखवता येतो. मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा, सोसायटीला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि भीती वाटली तर ११२. "शेजारी आहे, कशाला वाढवायचं" हे तुम्हाला कमिटीतलेच कुणी समजावतील. त्यांना त्यांचं काम वाचवायचं असतं. मीही एकदा एका मुलीला तसं म्हटलं होतं, नवी सेक्रेटरी असताना, आणि ते मला अजून खुपतं.

परत काकूंकडे. त्यांचा एकटेपणा तुमच्या अर्ध्या तासाने भरणार नाही आणि तो भरायची जबाबदारीही तुमची नाही. पण तुमच्या विंगमध्ये आणखी घरं आहेत. चौथ्या मजल्यावर कोणी सत्तरीच्या बाई असतीलच ज्या संध्याकाळी खाली बाकावर बसतात. जवळपास ज्येष्ठ नागरिक संघ असेल, भजनी मंडळ असेल. फक्त "काकू, तुम्ही तिकडे का नाही जात?" असं विचारायचं नाही. त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळतो : इकडे येऊ नका. एका शनिवारी चहा झाल्यावर म्हणा, "चला, मीही येते, बघून येऊ," आणि पहिल्यांदा सोबत जाऊन बसा, टाळ चुकीचे वाजले तरी. दुसऱ्यांदा त्या एकट्या जातील किंवा जाणार नाहीत. जागरण, भीती, बारीकसारीक औषधांचे घोळ असं काही जाणवलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांच्या फोनमध्ये मोठ्या अक्षरात टाकून द्या. आणि कॅनडातल्या मुलाचा नंबर तुमच्याकडे असू द्या. त्याला तक्रार सांगायला नव्हे. कधी रात्री काकूंनी दार उघडलं नाही तर काय, यासाठी.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकू करणार असाल तर पहिलं बोलावणं समोर. कुंकवाचं काय करायचं, लावायचं की नाही, ते त्यांच्यावर सोडा. ताटली पुढे करा आणि थांबा. तिळगूळ, वाण सगळ्यांना तेच, त्यांनाही तेच. दहा मिनिटं बसतील, "येते हं" म्हणतील आणि स्वतःहून उठतील. तुमच्या घरातून काकूंना वेळेवर उठताना तुम्ही पहिल्यांदाच बघाल.

आणि ते चपलांचं आजपासून बंद करा. पायात घालून उतरा, वाजल्या तर वाजू देत. अनवाणी पायाने वळणावरच्या ओल्या लादीवरून घसरलात, तर आवाज ऐकून पहिलं दार कोणाचं उघडेल हे तुम्हाला माहीत आहे, आणि पुढचे पंधरा दिवस डबा कोण आणून देईल हेही.